इरावती नदीची इरावती

नाक कुणाचं आणि हट्टीपणा कुणाचा, यावर आमच्या घरी दर रविवारी वाद होतो. तुमच्याकडेही होत असणार. म्हणून या वेळी इरावती कर्वे.

जन्म १९०५, ब्रह्मदेशात. वडील तिथे नोकरीला. नदीवरून मुलीचं नाव ठेवलं आणि सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला, हुजूरपागेत पाठवलं. आई-वडील समुद्रापार! पण शाळेत शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली, आणि तिच्या घरच्यांनी, म्हणजे रँग्लर परांजप्यांनी, इरावतीला स्वतःच्या मुलीसारखं वाढवलं. रक्ताचं नातं नसताना.

सासरे महर्षी कर्वे. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ साली पुण्यात तसंच विद्यापीठ काढणारे तेच. इरावतीबाईंनी जर्मनीला जाऊ नये असं मात्र त्यांना वाटे. पती दिनकररावांनी पाठवलं.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक फिशर मानत, की गोऱ्यांच्या कवटीची ठेवणच वेगळी, म्हणून बुद्धी जास्त. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशागणिक असा फरक सापडेना, आणि त्यांनी तसंच लिहिलं. (साहेबांना हवा तो आकडा न देणं किती अवघड, आम्हा इंजिनिअरांना विचारा.)

घरी मुलं त्यांना नुसतं ‘इरू’ म्हणत. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, दोन्ही मुली लेखिका झाल्या. ते रक्तातून आलं की घरातून? १९७० साली इरावतीबाई गेल्या. आमच्या घरचा वाद चालूच आहे. या रविवारी आजीला फोन करून विचारणार आहोत.