ताराबाई मोडक : छडीविना शिस्त

डहाणू तालुक्यातील कोसबादची टेकडी बालशिक्षणाच्या इतिहासात अजरामर झाली ती ताराबाई मोडक यांच्यामुळे. लहान मुलांना वळण लावायचे म्हणजे धाक दाखवायचा, ही समजूत त्यांनी आयुष्यभर आपल्या कार्याने खोडून काढली. म्हणूनच निवासी शाळेच्या या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या स्त्री अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

मांटेसरी पद्धतीत बक्षीसही नाही आणि शिक्षाही नाही. मूल आपल्या आवडीचे काम निवडते, ते पुरे करते आणि साहित्य जागच्या जागी ठेवते. हाताला मनाजोगते काम मिळाले की दंगा आपोआप ओसरतो. शांततेचाही खेळ होतो. नियम थोडेच असतात, परंतु ते शिक्षिकेनेही पाळावयाचे असतात.

१९४५ साली ताराबाई बोर्डीस आल्या. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हेच शिक्षणसाहित्य झाले. वंचित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत पोहोचत नाहीत, हे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये कार्य कोसबादला हलविल्यावर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शाळेत न येणाऱ्या मुलाला दोषी ठरविण्याऐवजी त्याच्या अडचणीचा शोध घ्यावा, ही त्यांच्या शिस्तविचाराची खरी खूण आम्हांस येथे दिसते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. परंतु मनातील छडी केवळ कायद्याने जात नाही. सहा वर्षांचे लेकरू वसतिगृहात सोडताना, चुकला तर खुशाल मारा, असे विश्वासाने सांगणारे पालक आजही भेटतात. घरापासून दूर आलेल्या त्या लेकराला रात्री रडू आले, अंथरूण ओले झाले, तर धाकामुळे ते कोणाजवळ सांगणार? भ्यालेले मूल गप्प बसते. ते शिस्त शिकलेले असतेच असे नाही.

माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांना आमची नम्र विनंती आहे की, मुलाने ताट कोठे ठेवावे, हे त्याला ओरडून सांगण्यापेक्षा आपले ताट स्वतः उचलून दाखवावे. कोसबादच्या त्या माउलीला यापरते अभिवादन कोणते?