छायाचित्रकार दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके उर्फ दादासाहेब फाळके (जन्म : ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर, मृत्यू : १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक) हे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वपरिचित आहेत. दिग्दर्शक व निर्माते म्हणून त्यांच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने, चित्रपटाकडे वळण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे ते छायाचित्रण आणि मुद्रण याच व्यवसायांत वावरत होते, ही बाब दुर्लक्षित राहिली. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या त्यांच्या पहिल्या कथापटातील चित्रांचे स्वरूप समजून घ्यायचे असेल, तर भिंग, सूर्यप्रकाश आणि अंधारखोली यांच्याशी त्यांचा जडलेला संबंध आधी पाहावा लागतो.

शिक्षण आणि छायाचित्रणाचा व्यवसाय

वडील गोविंद सदाशिव फाळके हे संस्कृतचे पंडित होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. १८८५ मध्ये धुंडिराज यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला व पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबरच छायाचित्रण आत्मसात केले. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी त्यांना रतलाम येथे तीन रंगांचे ठसे तयार करण्याचे व अंधारखोलीतील छपाईचे तंत्र शिकण्यासाठी पाठविले. चित्र काढणे, ते काचेवर उतरविणे, रसायनात धुणे आणि कागदावर छापणे या सर्व पायऱ्या एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या, हे त्यांच्या पुढील कामाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले.

१८९५ मध्ये त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी व अपत्य यांचे निधन झाल्यावर ते बडोद्यास परतले. तेथे, कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो व त्याचे आयुष्य कमी करतो, असा समज लोकांत पसरल्याने धंदा बसला. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई या त्यांच्या पत्नी पुढे चित्रपटनिर्मितीतील त्यांच्या सर्वांत भरवशाच्या सहकारी ठरल्या. १९०३ पासून काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली. नंतर लोणावळ्यास मुद्रणालय काढले, ते पुढे दादरला हलविले. १९०९ मध्ये यंत्रसामग्रीसाठी जर्मनीस जाऊनही आले. भागीदारांशी मतभेद झाल्यावर मात्र ते त्या व्यवसायातून रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

दृष्टीवरील संकट

१९११ मध्ये गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस येथे त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि भारतीय पुराणकथा पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. दिवसाचे कित्येक तास चित्रपट पाहणे, रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रे पाडणे आणि अपुरी झोप, हा क्रम महिनोन्‌महिने चालला. परिणामी त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी व निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली. ज्याचा सारा व्यवसाय डोळ्यांवर उभा होता, त्याने त्याच डोळ्यांची एवढी हेळसांड करावी, यातून त्यांच्या स्वभावाची कल्पना येते.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना प्रथम या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण नंतर निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी ओळख करून दिली. फाळके यांनी ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा खरेदी केला, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले आणि एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले. भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखविणारे हे काम मुळात स्थिरचित्रकाराच्या चिकाटीचे होते.

भिंग, प्रकाश आणि कडांचा काळोख

त्या काळची फिल्म आजच्या मानाने अत्यंत मंद होती. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवून सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपल्या जात व प्रत्येक चौकटीला सेकंदाचा सुमारे बत्तिसावा भाग एवढाच प्रकाश मिळे. तेवढ्या अवधीत चित्र उमटवायचे तर भिंगाचे छिद्र मोठे असावे लागे. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागल्यावर येणारी संख्या जितकी लहान, तितके भिंग जलद. व्हिएन्नातील गणिती योझेफ पेट्सवाल यांनी १८४० मध्ये अशा गणिताने ३.६ एवढ्या गुणोत्तराचे व्यक्तिचित्रणाचे भिंग तयार केले. त्यातील चित्र मध्यभागी लख्ख व कडांना मऊ, अंधुक येत असे. छायाचित्रण शाळांतून आणि पुढे प्रक्षेपकांतूनही या घडणीची भिंगे दीर्घकाळ वापरात राहिली.

जलद भिंगाच्या चित्राचे कोपरे काळवंडतात, याची कारणे दोन. तिरके किरण भिंगाच्या नळीच्या कडांना अडतात. छिद्र लहान केले की हा दोष बराच कमी होतो. दुसरे कारण भूमितीचे आहे व ते छिद्र लहान केल्याने जात नाही. कोपऱ्याकडे जाणारा प्रकाश कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या मूकपटकालीन चौकटीचा कोपरा मध्यापासून सुमारे १५ मिलिमीटरवर असतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाने ही घट साधारण १६ टक्के येते. कोपऱ्यांत त्याहून गडद काळोख दिसल्यास तो बहुधा नळीचा, म्हणजेच उघड्या छिद्राचा परिणाम होय. पुष्कळ ऊन हाच यावर त्या वेळी सर्वांत स्वस्त उपाय होता.

'राजा हरिश्चंद्र' आणि वांगणी

म्हणूनच फाळके यांचे काम उन्हाच्या तालावर चाले. दादरच्या मथुरा भवन या बंगल्याच्या आवारात नेपथ्य उभारले होते. प्रकाश परावर्तित करण्यासाठी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. रात्री फिल्मला भोके पाडण्याचे व ती धुण्याचे काम त्या करीत, शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. श्रेयनामावलीत न दिसणारे हे श्रम या चित्रपटाच्या तंत्राचाच भाग मानले पाहिजेत. कॅमेरा चालविण्यासाठी त्र्यंबकेश्वरचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांना फाळके यांनी स्वतः शिकवून तयार केले.

बाह्यचित्रणासाठी ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील वांगणी हे गाव निवडण्यात आले. कल्याण-कर्जत लोहमार्गावरील हे गाव आज अंबरनाथ तालुक्यात असून मुरबाड तालुका तेथून जवळ आहे. ढाल-तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांचा संशय आला व पोलिसांनी मंडळींना ताब्यात घेतले. फाळके यांनी येऊन कॅमेऱ्यात फिल्म न घालताच चित्रण करून दाखविले आणि त्यांची सुटका केली, अशी आठवण सांगितली जाते. फिल्मचा एकेक फूट मोलाचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या रिकाम्या कॅमेऱ्याचे मर्म कळते.

सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

उत्तरकाल

यानंतर 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन' (१९१७) हे चित्रपट आले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. कन्या मंदाकिनीने बालकृष्णाची भूमिका केलेल्या 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये, तसेच त्याआधीच्या पौराणिक चित्रपटांत, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे, कॅमेरा थांबवून पात्र बदलणे अशा युक्त्यांचा त्यांनी मुक्त वापर केला. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारा लघुपटही त्यांनी काढला. बोलपटाच्या आगमनानंतर कृत्रिम प्रकाश, बंदिस्त कलागृह व मोठे भांडवल यांचे युग सुरू झाले. उन्हावर व स्वतःच्या हातांवर विसंबलेल्या या तंत्रज्ञाला त्यात फारसा वाव उरला नाही. 'गंगावतरण' (१९३७) हा कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला त्यांचा एकमेव मूळ बोलपट अखेरचा ठरला.

'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. ते १९१७ मधील पुनर्निर्मितीचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. प्रतीवरून प्रत काढताना छायाप्रकाशाचा विरोध वाढतो आणि चौकटीच्या कडाही छाटल्या जातात. त्यामुळे उपलब्ध चित्रांच्या कोपऱ्यांतील काळोखापैकी भिंगाचा किती आणि काळाचा किती, हे ठरविणे अवघड आहे.