हिराबाई बडोदेकर : गायिका आणि नाटक मंडळीच्या मालकीण

विजय नगर (जबलपूर) : मराठी रंगभूमीवर नायिकेची भूमिकाही पुरुषानेच करावी, असा संकेत रूढ असताना १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. केवळ स्त्रियांच्या मंडळ्या त्यापूर्वीही होत्या. येथे मात्र स्त्री-पुरुष एकाच रंगमंचावर उभे राहिले. बंधू सुरेशबाबू माने आणि भगिनीही मंडळीत होत्या. ‘आंधळ्यांची शाळा’ने स्त्रीभूमिकांसाठी नावाजले जाण्याला तेव्हा चार वर्षे अवकाश होता.

हिराबाईंचा जन्म ३० मे १९०५ रोजी मिरज येथे झाला. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील आणि ताराबाई माने या आई. मातापिता विभक्त झाल्यावर मुले आईकडे राहिली. चंपाकली या नावाची मुलगी पुढे हिराबाई झाली. तिला रीतसर तालीम दिली ती उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांनी.

त्या काळी गाणाऱ्या स्त्रीकडे समाज आदराने पाहत नसे. तिचे गाणे धनिकांच्या बैठकीत, यजमानाच्या मर्जीवर चाले. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि हावभाव टाळून शांतपणे ख्याल मांडला. तिकीट घेणारा कोणीही श्रोता आता समोर बसू शकत होता. नाटक मंडळी हे याच वाटेवरचे पुढचे, आणि कितीतरी अधिक जोखमीचे, पाऊल होते.

पडदे, पोशाख, बिऱ्हाडाचा प्रवास, नटांचे पगार हा सारा भार मालकिणीवर होता. त्यातच १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी ‘अयोध्येचा राजा’. बोलपटांपुढे भल्याभल्या मंडळ्या टिकल्या नाहीत. हिराबाईंची मंडळीही काही वर्षांतच कर्जात बुडून बंद पडली. हे देणे त्यांनी गावोगावी मैफली करून फेडले. त्यांच्या नाट्यकर्तृत्वाची चर्चा होते, या फेडीची मात्र क्वचितच.

पुढे मानसन्मान आले. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० मध्ये पद्मभूषण त्यांना लाभले. धाकट्या भगिनी सरस्वती राणे यांच्यासह त्यांनी केलेले जुगलबंदीचे गायन गाजले. प्रभा अत्रे यांना त्यांची तालीम मिळाली. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.