साठीनंतर शहर, शहात्तरीत रणांगण!

फुलंब्रीहून पश्चिमेकडे खुलताबादच्या वाटेला लागले, की डोंगरमाथ्यावरील दर्गे आणि मकबरे दृष्टीस पडू लागतात. त्यांपैकीच एका भक्कम घुमटाखाली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर चिरविश्रांती घेत आहे. गनिमी काव्याचा जाणकार सेनापती, खडकी शहराचा संस्थापक आणि नहरीचा निर्माता म्हणून शालेय पुस्तकांतून त्याची ओळख सर्वांनाच झालेली असते. मात्र त्याच्या चरित्रातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्या कामांमुळे त्याचे नाव चारशे वर्षे टिकून राहिले, त्यांतील बहुतेक कामे त्याने वयाच्या साठीनंतर केलेली आहेत. आज सेवानिवृत्तीचे वय अठ्ठावन्न किंवा साठ मानले जाते. ज्या वयात आपल्याकडे सत्काराचे शाल-श्रीफळ स्वीकारून घरी बसण्याची प्रथा आहे, त्या वयात या माणसाने एक नवे शहर वसवायला घेतले.

मलिक अंबरचा जन्म सन १५४८च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. कोवळ्या वयातच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा मोखा, बगदाद असा प्रवास करीत आणि मालक बदलत अखेर दख्खनमध्ये येऊन पोहोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतः हबशी होता आणि तोही एकेकाळी गुलाम होता. त्याच्या पदरी राहून अंबरने राज्यकारभार आणि युद्धकला या दोहोंचे धडे घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर तो गुलामगिरीतून मुक्त झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला आणि सन १५९५च्या सुमारास थोड्या स्वारांनिशी पुन्हा निजामशाहीत परतला. त्या वेळी त्याचे वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. त्या काळाच्या हिशेबाने हे वय उताराकडे झुकलेलेच मानले गेले असते.

अंबरची खरी कारकीर्द मात्र तेथूनच सुरू झाली. सन १६००मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि निजामशाही संपल्यात जमा झाली. तेव्हा अंबरने राजघराण्यातील मुर्तझा याला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि विखुरलेले सैन्य पुन्हा गोळा केले. पुढे नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो गंभीर जखमी झाला. त्याच्या सैनिकांनी त्याला रणातून उचलून नेले म्हणून तो बचावला. पन्नाशी उलटलेल्या माणसाने अशा प्रसंगानंतर तलवार खाली ठेवली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. अंबर बरा झाला आणि पुन्हा घोड्यावर स्वार झाला.

पुढची दहा वर्षे त्याने राज्य सावरण्यात घालवली. मोगलांची फौज मोठी, तोफखाना अवजड आणि रसदीचा पसारा अफाट. त्यांच्याशी उघड्या मैदानावर सामना करण्यापेक्षा रसद तोडणे, रात्री छापे घालणे आणि शत्रू सावध होण्याआधी नाहीसे होणे ही पद्धत त्याने मराठा घोडेस्वारांच्या साह्याने पूर्णत्वास नेली. या युद्धपद्धतीत सेनापतीला तंबूत बसून हुकूम सोडता येत नाहीत. डोंगरवाटा, पाणवठे आणि घाट त्याला स्वतःला ठाऊक असावे लागतात. अंबरची शरीरप्रकृती अखेरपर्यंत टिकून राहिली, त्यामागे या सततच्या वाटचालीचा वाटा मोठा असला पाहिजे.

सन १६१०मध्ये, वयाच्या बासष्टीच्या सुमारास, त्याने खाम नदीच्या काठी खडकी हे शहर वसवले. आजच्या छत्रपती संभाजीनगरची ती सुरुवात होय. या खडकाळ जागेत मोठी वस्ती तगायची तर पाण्याची सोय आवश्यक होती. अंबरने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बांधीव मार्गाने, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. ही नहर-ए-अंबरी पुढे शेकडो वर्षे शहराची तहान भागवत राहिली. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून उभारलेला भडकल दरवाजा आजही शहरात उभा आहे. याच काळात त्याने जमिनीच्या मगदुरानुसार सारा ठरवण्याची घडीही बसवली. रणांगणावर आयुष्य घालवलेल्या माणसाने साठीनंतर पाण्याचे, बांधकामाचे आणि महसुलाचे प्रश्न हाती घ्यावेत, हे त्याच्या बुद्धीच्या ताजेपणाचे लक्षण म्हटले पाहिजे.

म्हातारपणी शरीराइतकीच मनाचीही परीक्षा होते. अंबरची ती परीक्षा सन १६१६मध्ये झाली. त्याचे काही मातब्बर सरदार मोगलांना जाऊन मिळाले आणि जालन्याजवळील रोशनगावच्या लढाईत त्याचा पराभव झाला. विजयी मोगल फौजेने खडकीत शिरून शहराची राखरांगोळी केली. सहा वर्षे खपून उभे केलेले शहर वयाच्या अडुसष्टीत डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झाले. पुढच्याच वर्षी शाहजादा खुर्रम दक्षिणेत आला आणि अंबरला तह करून बराच मुलूख व अहमदनगरचा किल्ला परत द्यावा लागला. तरीही सन १६२०मध्ये, बादशहा जहांगीर काश्मीरकडे गुंतल्याची संधी साधून, बहात्तर वर्षांच्या अंबरने गेलेला मुलूख पुन्हा ताब्यात घेण्यास सुरुवात केली. सन १६२१मध्ये खुर्रम पुन्हा चालून आला, खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली आणि अंबरला पुन्हा नमते घ्यावे लागले. हार पत्करणे आणि हाय खाणे यांतील फरक त्याला नेमका कळला होता.

त्याची सर्वांत मोठी लढाई अजून व्हायची होती. सन १६२४मध्ये मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त फौजा त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळील भातवडी येथे अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, त्यांची रसद तोडली आणि रात्रीच्या छाप्यांनी त्यांना जेरीस आणले. या युद्धात शहाजीराजे भोसले यांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. दोन बलाढ्य सत्तांच्या फौजांची दाणादाण झाली. त्या वेळी अंबरने वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती. पुढच्या वर्षी त्याने सोलापूरही जिंकले. ज्या खुर्रमने त्याचे शहर उद्ध्वस्त केले होते, तोच बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आला आणि त्याला आश्रय व मदत मागावी लागली ती अंबरकडेच. जुने वैर बाजूला ठेवून म्हाताऱ्या वजिराने ती दिली. सन १६२६च्या मे महिन्यात, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास, त्याचा मृत्यू झाला. आयुष्यभर त्याला शत्रू मानणाऱ्या मोगल दरबारातील इतिहासकार मोतमिदखान यानेही त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या कर्तृत्वाचा मोठेपणा मान्य केला.

आजचे वैद्यकशास्त्र ज्येष्ठांना जे सांगते, त्याच्याशी हे चरित्र जुळते. पासष्टीनंतर आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या बळकटीसाठी आणि तीन दिवस शरीराचा तोल सांभाळण्यासाठी व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. याखेरीज नवे काही शिकत राहणे आणि माणसांत मिसळणे बुद्धीच्या आरोग्यास हितकारक मानले जाते. अंबरला यासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही. त्याच्या रोजच्या कामातच हे सारे सामावलेले होते. शेतावर पायी जाणारी फुलंब्री परिसरातील वृद्ध माणसे नकळत हेच करीत असतात. शहरातील फ्लॅटमध्ये राहणाऱ्या निवृत्तांना मात्र त्यासाठी जाणीवपूर्वक निमित्त शोधावे लागते.

या चरित्राची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. अंबर अखेरपर्यंत इतका समर्थ राहिला, की सारे राज्य त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येऊन बसले. त्याच्या पश्चात मुलगा फतेहखान वजीर झाला. त्याने खडकीला फतेहनगर हे आपले नाव दिले, पण बापाचा वचक आणि धोरण त्याला साधले नाही. सन १६३३मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांकडे गेला आणि १६३६मध्ये निजामशाही कायमची संपली. पंचवीस वर्षांहून अधिक काळ राखलेले राज्य त्याच्यामागे दहा वर्षेच टिकले.

उतारवयातील उमेद ही मोठी ठेव आहे, यात शंका नाही. घराचा, दुकानाचा किंवा संस्थेचा कारभार सत्तरीतही समर्थपणे सांभाळणारे अनेक ज्येष्ठ आपल्या आसपास दिसतात आणि त्यांचे कौतुकही होते. त्यांनी खुलताबादच्या त्या घुमटाखाली क्षणभर उभे राहावे. हातपाय आणि बुद्धी शाबूत आहे तोवरच पुढच्या पिढीच्या हाती कामाची सूत्रे देऊन तिला शेजारी उभे राहून शिकवणे, हेही त्याच उमेदीचे काम आहे. अंबरकडून नेमके तेवढे राहून गेले.