विश्लेषण : वसईच्या आधी माहीम-तारापूर का? चिमाजी अप्पांनी निवडलेली हिवाळी वाट

दिवाळी सरली की तांदूळवाडी, काळदुर्ग आणि अशेरीच्या पायवाटांवर ट्रेकर्सची ये-जा वाढते. ओढे आटलेले असतात, चिखल सुकलेला असतो. वैतरणेच्या खोऱ्यात हिंडण्याचा हाच मोसम. पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी याच मोसमात, याच परिसरात चिमाजी अप्पांची फौज उतरली होती. वसई जिंकणारे सेनापती म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण वसईच्या तटाला भिडण्यापूर्वी त्यांनी कोणती वाट धरली, आणि ती हिवाळ्यातच का, याची चर्चा कमी होते.

चिमाजी अप्पा कोण होते?

पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे हे धाकटे पुत्र, पहिल्या बाजीरावांचे बंधू. बाजीराव झंझावाती, तर चिमाजी हिशेबी, असे दोघांचे वर्णन केले जाते. ते अर्धेच खरे आहे. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यातील अमझेऱ्याच्या लढाईत मुघल सुभेदार गिरिधर बहादूर चिमाजींच्या फौजेपुढेच पडला. एप्रिल १७३६ मध्ये अलिबागजवळ सिद्दी सात मारला गेला, तीही त्यांचीच मोहीम. प्रकृती मात्र कायम नाजूक. पत्नी रखमाबाई १७३० मध्ये, मुलगा सदाशिव तान्हा असतानाच वारल्या.

मोहिमेसाठी हिवाळाच का?

थंड देशांत हिवाळ्यात वाट निवडताना बर्फ किती जाड, तलाव नीट गोठला का, हे पाहतात. १६५८ मध्ये स्वीडनच्या राजाने तर गोठलेल्या समुद्रावरूनच फौज डेन्मार्कमध्ये नेली. पण एरवी त्या काळच्या युरोपीय फौजा हिवाळ्यात मुक्काम ठोकून बसत. आपल्याकडे नेमके उलटे होते. छावणी पावसाळ्यात आणि सीमोल्लंघन दसऱ्याला.

उत्तर कोकणात याला कारण होते. भातशेतीत आणि खाजणांत पाणी भरलेले असेपर्यंत तोफेचे गाडे ओढणारे बैल पुढे सरकत नाहीत. भात कापले गेले की जमीन घट्ट होते आणि पेंढाही मिळतो. खाड्या ओहोटी साधून ओलांडायच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे गणित स्थानिकांनाच ठाऊक. १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे घेताना अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांच्यासारखे वाटाडे म्हणूनच मोलाचे ठरले. पण ती मोहीम सुरू व्हायलाच उशीर झाला होता. ठाणे आणि साष्टी मिळाली, वैतरणेच्या मुखावरचे अर्नाळा बेटही आले. पाऊस आला तेव्हा वसई मात्र पोर्तुगीजांकडेच होती.

आधी उत्तरेकडे का?

वसई वैतरणेच्या दक्षिणेला आहे. केळवे-माहीम, शिरगाव आणि तारापूर उत्तरेला, दमणच्या वाटेवर. किनाऱ्यावरची ही ठाणी पोर्तुगीजांकडे असेपर्यंत वसईला पाठबळ मिळत राहणार होते. शिवाय हिवाळ्यात समुद्र शांत असतो आणि तो पोर्तुगीज जहाजांसाठीही शांतच. म्हणजे मोसमाचा फायदा दोघांना. तो एकतर्फी करायचा, तर किनारा आधी ताब्यात घ्यायला हवा होता.

१७३८ च्या अखेरीस चिमाजी कोकणात आले ते हे हेरून. जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडले, पाठोपाठ केळवे आणि शिरगाव. तारापूरने महाग किंमत वसूल केली. सुरुंग लावून तट फोडावा लागला आणि हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा घरोब्यातला सरदार ठार झाला. त्याच्या आईचे सांत्वन करणारे पत्र खुद्द पेशव्यांनी लिहिले. मोहिमेत अशेरीही मराठ्यांकडे आली. याच सुमारास चिमाजींचे मेहुणे, इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे गोव्यात घुसले होते. त्यामुळे तिकडून वसईला मोठी कुमक पाठवणे कठीण झाले.

वसईला घाई का होती?

फेब्रुवारीत वेढा आवळला. पाऊस जूनमध्ये. मध्ये साडेतीन महिने. त्यातच नादिरशहा दिल्लीत शिरला. बाजीरावांना उत्तरेसाठी फौज हवी होती आणि मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार वसईपुढे अडकलेले. वसई मे महिन्यात पडली. सुरुंगांनी बुरूज उडाले, काही फसून मराठ्यांच्याच अंगावर आले. हजारो माणसे मेली किंवा जखमी झाली. शरण आलेल्या पोर्तुगीजांना कुटुंबासह, चीजवस्तू घेऊन जाऊ देण्यात आले. चिमाजींच्या चरित्रातली ही बाब तटावरच्या पराक्रमाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. वसईच्या चर्चमधील घंटा पुढे महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध.

पुढे काय झाले?

बाजीराव एप्रिल १७४० मध्ये गेले. चिमाजींनी पुतण्या नानासाहेबाला पेशवेपदावर स्थिरावायला मदत केली. पण तेही त्याच वर्षी १७ डिसेंबरला निवर्तले. वय जेमतेम तेहतीस. त्यांची समाधी पुण्यात ओंकारेश्वराजवळ आहे. मागे राहिलेला दहा वर्षांचा सदाशिव म्हणजेच पानिपतचे सदाशिवरावभाऊ. ऑक्टोबर १७६० मध्ये पावसाने फुगलेली यमुना उतरताच अब्दालीने बागपतजवळ उतार शोधला, नदी ओलांडली आणि भाऊंची दिल्लीकडची वाट तोडली. पुढचे अडीच महिने, ऐन हिवाळ्यात, मराठ्यांची फौज पानिपतला रसदीविना अडकून पडली.