पवनचक्कीचे शिक्षक : पौल ला कूर

भिंगरीच्या पंखांचा बांक किंचित् बदलला कीं तिचा वेगही बदलतो, हें आमच्या बालवाचकांस खेळतां खेळतां कळलेलेंच आहे. परंतु बांक नेमका किती असावा, पातीं किती असावींत, आणि क्षणोक्षणीं पालटणाऱ्या वाऱ्याकडून नियमित काम कसें घ्यावें, या प्रश्नांसाठीं एका शिक्षकानें आयुष्याचीं शेवटचीं सतरा वर्षें वेंचलीं. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

पौल ला कूर यांचा जन्म १८४६ सालीं डेन्मार्क देशांत झाला. १८७२ सालीं कोपनहेगन येथें हवामानाची संस्था स्थापन झाली, तेव्हां तिच्या दुय्यम अधिकाऱ्याची जागा त्यांस मिळाली. एकाच तारेवरून एकाच वेळीं अनेक संदेश पाठविण्याच्या खटपटींत त्यांनीं स्वरकांट्याच्या कंपनांबरोबर अगदीं सारख्या गतीनें फिरणारें चाक तयार केलें, व त्यामुळें त्यांचें नांव परदेशींही गेलें. असा मनुष्य राजधानींत राहता तर मोठ्या पदास चढता. परंतु १८७८ सालीं ते आस्कोव्ह नांवाच्या खेड्यांतील लोकशाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यास गेले. १८६४ च्या युद्धांत डेन्मार्कनें दक्षिणेकडील मोठा मुलूख गमावल्यावर ही शाळा नव्या सरहद्दीच्या अलीकडे आणली गेली होती. शेतकऱ्यांचीं तरुण मुलें तेथें शिकत, परीक्षा नसत. (हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस हेवा वाटेल!) ला कूर गणितासारखा विषयही त्याच्या इतिहासाच्या ओघांत शिकवीत.

त्या काळीं विजेचे दिवे शहरांत येऊं लागले होते. खेड्यांस मात्र अंधारच. देशांत दगडी कोळसा नाहीं, वारा मात्र मुबलक. तेव्हां सरकारी मदत मिळवून १८९१ सालीं त्यांनीं शाळेजवळ पवनचक्की उभारली व तिच्यावर विजेचें यंत्र चालविलें.

खरी अडचण वाऱ्याच्या लहरीपणाची होती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्यांतील शक्ति आठपट होते. म्हणजे एका झोतासरशी दिवे फुटावयाचे आणि दुसऱ्या क्षणीं मंदावयाचे. यावर त्यांनीं योजलेला उपाय आम्हांस फार आवडतो. यंत्राकडे जाणारा पट्टा त्यांनीं वजन लावलेल्या झुलत्या दांड्यावरून नेला. ओढ मर्यादेबाहेर गेली कीं दांडा कलून पट्टा सैल पडे व घसरे. जादा जोर तेथेंच वायां जाई आणि यंत्र सारख्या गतीनें फिरे.

वारा पडल्यावर काय, हा दुसरा प्रश्न. त्यासाठीं विजेनें पाण्याचें पृथक्करण करून ते हायड्रोजन वायु सांठवीत. १८९५ पासून १९०२ पर्यंत शाळेंत त्याचेच दिवे जळत होते. वायूंत ऑक्सिजन मिसळून स्फोट होत, खिडक्यांच्या कांचा फुटत. तरी प्रयोग थांबला नाहीं. पुढें विद्युत्घटांचा सांठा वापरांत आला.

मग पात्यांचा विचार. जितकीं पातीं अधिक तितकी शक्ति अधिक, असा साधारण समज होता. ला कूर यांनीं पंख्यानें नळींतून वारा सोडून तींत लहान नमुने ठेवले, एकेक कोन बदलून जोर मोजला. वारा पात्यास समोरून केवळ ढकलतो असें नसून पात्याच्या पाठीमागील बाजूसही ओढ उत्पन्न होते. म्हणून थोडीं, योग्य बांकाचीं व वेगानें फिरणारीं पातींच विजेच्या कामीं सरस ठरतात, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पातीं दाटीनें बसविलीं तर चक्की जोरानें ओढते खरी, पण सावकाश फिरते. पाणी उपसण्यास तें ठीक, विजेस नव्हे.

१९०३ सालीं खेड्यापाड्यांत वाऱ्याची वीज पोंहोंचविण्यासाठीं त्यांनीं मंडळी स्थापिली व तरुणांस हें काम शिकविण्याचे वर्ग चालविले. १९०८ सालीं ते वारले. पहिल्या महायुद्धांत तेल दुर्मिळ झालें तेव्हां या चक्क्यांनीं गांवोगांवीं उजेड दिला. पुढें स्वस्त इंधनापुढें बहुतेक मागें पडल्या. आस्कोव्हची मोठी प्रयोगचक्की १९२९ सालीं जळाली.

१९०४ च्या वर्गांत योहानेस यूल नांवाचा एक तरुण होता. त्यानें उतारवयांत, १९५७ सालीं, गेसर गांवाजवळ तीन पात्यांची, २०० किलोवॅटची चक्की उभारली. तिचीं पातीं अशा कोनांत बसविलीं होतीं कीं वारा अति झाला म्हणजे त्यांचा जोर आपोआपच कमी होई. ती सुमारें दहा वर्षें चालली, आणि १९७३ नंतर तेल महागल्यावर पवनचक्क्या बांधूं पाहणारे लोक तिच्याकडेच वळले.