मुक्तिदात्याने सोडलेली मायबोली

पारतंत्र्यातून सुटलेल्या राष्ट्राला गेलेले राज्य परत मिळते. जप्त झालेल्या जमिनीही कालांतराने परत मिळू शकतात. परंतु गेलेली भाषा सहसा परत मिळत नाही. आयर्लंडचा इतिहास या कटू सत्याची साक्ष देतो. त्या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, ज्या पुरुषाला आयरिश जनतेने ‘मुक्तिदाता’ ही पदवी कृतज्ञतेने बहाल केली, त्या डॅनियल ओकॉनेल यांची मायबोली आयरिश होती, ती त्यांच्या डोळ्यांदेखत मावळत होती, आणि त्याचे त्यांना फारसे दुःख नव्हते. ओकॉनेल भित्रे नव्हते की इंग्रजांचे अंकितही नव्हते. म्हणूनच त्यांचे चरित्र या एका दृष्टीने पुन्हा न्याहाळणे उद्बोधक ठरेल.

केरीतील बालपण

ओकॉनेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यात झाला. जुन्या आयरिश घराण्यांतील रिवाजाप्रमाणे तान्हेपणीच त्यांना एका गुराख्याच्या कुटुंबात वाढविण्यासाठी ठेवण्यात आले. सुमारे चार वर्षांचे होईपर्यंत ते त्या झोपडीत राहिले, आणि त्या झोपडीची भाषा आयरिश होती. पुढे निपुत्रिक व धनवान चुलते मॉरिस यांनी त्यांना दत्तकाप्रमाणे डेरीनेन येथील आपल्या वाड्यात आणले. या चुलत्यांची संपत्ती बऱ्याच अंशी समुद्रमार्गे होणाऱ्या चोरट्या व्यापारातून आलेली होती. कारण कॅथलिकांना प्रतिष्ठेचे बहुतेक मार्ग कायद्यानेच बंद होते.

हे कायदे किती जाचक होते याचा अनुभव त्या घराने घेतला होता. पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा कॅथलिकाने बाळगू नये, असा एक कायदा होता. ओकॉनेल यांची आत्या आयलीन हिचे पती आर्ट ओलियरी यांनी आपला उमदा घोडा पाच पौंडांना देण्याचे नाकारले, आणि त्या वैरातून १७७३ साली त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले. पतीच्या निधनावर आयलीनने आयरिश भाषेत केलेला विलाप लोकांच्या मुखी राहिला आणि आज तो त्या भाषेतील श्रेष्ठ काव्यांत गणला जातो. म्हणजे आयरिश ही ओकॉनेल यांच्या घरात केवळ नोकरचाकरांची बोली नव्हती. त्या घराचा शोक आणि संताप तीत व्यक्त होत होता.

वकिली आणि लोकसंग्रह

चुलत्यांनी त्यांना शिक्षणासाठी फ्रान्सला पाठविले. तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटलेला होता. जानेवारी १७९३ मध्ये, सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला त्याच सुमारास, ओकॉनेल बंधू फ्रान्समधून निसटले. रक्तपातावरचा त्यांचा विश्वास तेव्हापासूनच उडाला असावा. कॅथलिकांना वकिलीचा व्यवसाय नुकताच खुला झाला होता. लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करून ओकॉनेल १७९८ साली आयर्लंडमध्ये वकील झाले आणि थोड्याच वर्षांत त्यांची कीर्ती देशभर पसरली.

न्यायालयाची भाषा इंग्रजी होती. १७३७ च्या कायद्याने ते पक्के झाले होते. परंतु साक्षीदार मात्र पुष्कळदा आयरिश बोलत. एका मृत्युपत्राच्या खटल्याचा किस्सा आयर्लंडमध्ये आजही सांगितला जातो. सही करतेवेळी त्या माणसात जीव होता, असे साक्षीदार शपथेवर पुनःपुन्हा सांगू लागला. त्याचे ते ठरावीक शब्द ओकॉनेल यांच्या कानाला खटकले. त्यांनी खोदून विचारले तेव्हा उघड झाले की, मेलेल्या माणसाच्या तोंडात जिवंत माशी ठेवून त्याच्या हाताने सही उठविण्यात आली होती. किस्सा रंगविलेला असेल. पण आपल्या माणसांची बोली, तिच्यातील खाचाखोचांसह, ओकॉनेल यांना अवगत होती हे त्यातून दिसते.

१८०१ साली आयर्लंडची संसद ब्रिटिश संसदेत विलीन झाली. कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क नव्हता. तो मिळविण्यासाठी ओकॉनेल यांनी १८२३ साली कॅथलिक असोसिएशन स्थापन केली आणि दरमहा एक पेनी वर्गणी ठेवली. रकमेपेक्षा या योजनेचे मर्म मोठे होते. पेनी देणारा गरीब कूळ स्वतःला चळवळीचा भागीदार मानू लागला. गावोगावच्या चर्चच्या दारात वर्गणी गोळा होऊ लागली. युरोपातील पहिल्या लोकव्यापी सनदशीर चळवळींत तिची गणना होते. १८२८ साली क्लेअर परगण्यातून ओकॉनेल निवडून आले आणि १८२९ साली सरकारला कॅथलिकांना संसदेचे दार उघडावे लागले. मात्र त्याच वेळी मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेऊन, ज्यांच्या मतांनी हा विजय मिळाला त्या लहान कुळांचे मत काढून घेण्यात आले.

उपयुक्ततेचा हिशेब

ओकॉनेल जन्मले त्या काळात आयर्लंडची सुमारे निम्मी लोकसंख्या आयरिश बोलत होती, असा अंदाज आहे. त्यांच्या सभांना लोटणाऱ्या लाखोंमध्ये आयरिश बोलणारेही पुष्कळ असत. तरीही त्यांची भाषणे मुख्यतः इंग्रजीत होत. चळवळीची पत्रके, ठराव आणि वृत्तपत्रे इंग्रजीत होती. एकदा सरकारचे लघुलेखक सभेस आले असता त्यांची आदराने बसण्याची व्यवस्था करून ओकॉनेल यांनी सारे भाषण आयरिशमध्ये केले, असे सांगतात. लोक पोट धरून हसले. परंतु या विनोदातच एक खेदाची गोष्ट दडलेली आहे: मायबोली आता सरकारी माणसांना चकविण्यापुरती उरली होती.

भाषेविषयीचे त्यांचे मत १८३३ च्या सुमारास एका सहकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. आयरिशशी जिव्हाळ्याच्या अनेक आठवणी निगडित आहेत हे ते मान्य करीत. तथापि आधुनिक व्यवहाराचे साधन म्हणून इंग्रजीची उपयुक्तता इतकी मोठी आहे की, आयरिशचा वापर हळूहळू बंद होत असलेला पाहून आपल्याला हळहळ वाटत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. ओकॉनेल हे बेंथॅमच्या उपयुक्ततावादाचे चाहते होते. त्या दोघांचा पत्रव्यवहारही होता. अमेरिकेतील गुलामगिरीचा त्यांनी ज्या निर्भयपणे धिक्कार केला, त्याच्यामागेही हीच सार्वत्रिक मानवहिताची दृष्टी होती. तेव्हा त्यांचे भाषाविषयक मत स्वार्थातून आलेले नव्हते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

१८३१ साली सरकारने आयर्लंडमध्ये राष्ट्रीय शाळांची योजना सुरू केली. शिक्षण इंग्रजीतून होते. आयरिशला तीत जागा नव्हती. अनेक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी बांधली जाई. मूल आयरिश शब्द बोलले की तिच्यावर एक खाच पाडली जाई आणि खाचा मोजून मास्तर छड्या मारीत. मन विषण्ण होते ते पुढची गोष्ट वाचून: घरी त्या खाचा पाडणारे पुष्कळदा मुलाचे आईबापच असत. त्यांना स्वतःला इंग्रजी धड येत नव्हते. मुलाने आपल्याशी आपल्या भाषेत बोलू नये, यासाठी ते पहारा देत होते.

या आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण न्यायाधीश, पोलीस, जमीनदाराचा कारभारी, बंदरावरील अधिकारी हे सारे इंग्रजी बोलत. लिव्हरपूल किंवा न्यूयॉर्क येथे मजुरी मिळवायची तरी इंग्रजी हवे. उपाशी माणसाला भाषेची थोरवी सांगणे हा निव्वळ ढोंगीपणा झाला असता. प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरता शहाणा हिशेब केला होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र यात एक ओळखीची अडचण दिसते. गावच्या गायरानात प्रत्येकाने आपले आणखी एक जनावर सोडणे त्याच्यापुरते फायद्याचे असते. सर्वांनी सोडले की गायरान उजाड होते. भाषेचे तसेच आहे. तिचे मोल ती किती माणसे बोलतात यावर अवलंबून असते. एक कुटुंब ती सोडते तेव्हा मागे राहिलेल्या शेजाऱ्याच्या दृष्टीने तिचे मोल तेवढे कमी होते, आणि त्यालाही ती सोडणे शहाणपणाचे वाटू लागते. शिवाय इंग्रजीचा हा भाव काही खुल्या बाजारात ठरलेला नव्हता. तो राज्यकर्त्यांच्या कायद्यांनी आणि जमिनीच्या जप्तीने ठरविला होता.

ओकॉनेल यांच्या हिशेबातील उणीव येथे आहे. इंग्रजी शिकण्याचा फायदा निर्विवाद होता. परंतु आयरिश विसरण्याचा फायदा कोणीच सिद्ध केलेला नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी एकच मानल्या. १८३० पासून ते संसदेत बसत होते आणि १८३५ नंतर व्हिग मंत्रिमंडळाला त्यांच्या पाठिंब्याची गरज होती. आयरिशभाषक गावांत मुलांना अक्षरओळख आयरिशमधून व्हावी आणि तिच्या आधाराने इंग्रजी शिकविले जावे, अशी मागणी करण्याइतके बळ त्यांच्यापाशी खचित होते. ही कल्पना अव्यवहार्य होती असेही नाही. १९०४ साली आयरिशभाषक भागांतील शाळांत द्विभाषिक अभ्यासक्रम आला. पण तेव्हा फार उशीर झाला होता.

आयरिशची बाजू त्या काळात मांडली ती टॉमस डेव्हिस या प्रॉटेस्टंट तरुणाने, १८४२ साली निघालेल्या ‘नेशन’ या साप्ताहिकातून. राष्ट्राच्या रक्षणाला भूमीच्या सीमेपेक्षा भाषेची सीमा अधिक भक्कम असते, असे त्याचे प्रतिपादन होते. डेव्हिसचे वडील ब्रिटिश सैन्यातील शल्यवैद्य, आणि आयरिश ही काही त्याची जन्मभाषा नव्हे. ज्याला भाषा पाळण्यात मिळाली त्याला तिचे मोल वाटले नाही. ज्याला ती मिळाली नाही त्याने तिच्यासाठी लेखणी झिजविली.

दुष्काळ आणि नंतर

१८४३ साली स्वतंत्र संसदेच्या मागणीसाठी ओकॉनेल यांनी प्रचंड सभा भरविल्या. क्लॉनटार्फच्या सभेवर सरकारने बंदी घालताच रक्तपात टाळण्यासाठी त्यांनी ती रद्द केली. पुढे त्यांना कारावास घडला आणि प्रकृती खालावली. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ सुरू झाला. फेब्रुवारी १८४७ मध्ये खंगलेल्या ओकॉनेल यांनी संसदेत क्षीण आवाजात आपल्या उपाशी जनतेसाठी मदतीची याचना केली. रोमच्या वाटेवर असताना १५ मे १८४७ रोजी जिनोआ येथे त्यांचे देहावसान झाले.

दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे नेली. त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ साली साडेपासष्ट लाखांवर आली. हा घाला सर्वाधिक बसला तो पश्चिमेकडील गरीब आयरिशभाषक भागांवर. १८५१ च्या शिरगणतीत आयरिश बोलणारे १५ लाख २४ हजार भरले. १८९१ साली ते ६ लाख ८० हजार उरले. १८९३ साली डग्लस हाइड आदींनी गेलिक लीग स्थापून भाषेच्या पुनरुज्जीवनाचे कार्य हाती घेतले. हेच हाइड १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला आणि शाळांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. तरीही २०२२ च्या जनगणनेत आयरिश येते असे सांगणारे १८ लाख ७४ हजार असताना, शाळेबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार निघाले. शाळेत शिकविलेली भाषा स्वयंपाकघरात परत नेणे किती कठीण असते, हे या आकड्यांवरून कळावे.

आपल्यापुरता बोध

ज्या १८३१ साली इंग्रज सरकारने आयर्लंडमध्ये इंग्रजी शाळा काढल्या, त्याच साली मुंबई सरकारच्या आश्रयाने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. येथे मूठभर इंग्रजांना मराठी मुलखाचा कारभार मराठीवाचून हाकता येत नव्हता. पुढे मुंबईच्या शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद उपस्थित झाला तेव्हा अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते. मंडळाचे सभासद नाना शंकरशेट यांनी देशी भाषांचा पक्ष धरला. हा वाद १८४७ च्या सुमाराचा, म्हणजे ओकॉनेल यांच्या मृत्यूच्याच वेळचा. नाना इंग्रजी विद्येचे विरोधक नव्हते. तिचे ते मोठे आश्रयदाते होते. इंग्रजी हवी आणि मराठीही हवी, हे त्यांना कळले होते.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मान आणि वापर या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आयर्लंडने दाखवून दिले आहे. मुलाला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या कारकुनाला वा शिक्षकाला दोष देऊन काही साधणार नाही. तोही त्या आयरिश बापाप्रमाणे आपल्यापुरता शहाणा हिशेब करीत असतो. तो हिशेब बदलावयाचा असेल तर न्यायालयात, नोकरीच्या जाहिरातीत आणि महाविद्यालयाच्या क्रमिक पुस्तकांत मराठीला किंमत मिळाली पाहिजे. हे काम शासनाचे आणि विद्यापीठांचे आहे. मुलाने इंग्रजी उत्तम शिकावे. मात्र त्यासाठी घरात त्याच्याशी मराठी बोलणे थांबविण्याचे काहीच कारण नाही, आणि एवढे तरी प्रत्येक पालकाच्या हाती आहे.